आईकडून आलेलं

रणधीर शेलार पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढू लागला, की कामावर नव्यानं लागलेली पोरं माना वर करून बघत राहायची. पाटणच्या पठारावरच्या नव्या मनोऱ्यांना आत माणसाला वर नेणारे पाळणे बसले होते, पाती धुवायला यंत्रं आली होती. पण जुने मनोरे अजून शिडीचेच होते, आणि त्यांच्या माथ्यावर काही बिघडलं की हाक रणधीरला जायची. पंचेचाळिशी ओलांडली तरी तो मध्ये एकदाच थांबायचा, तेही मागून येणाऱ्याला दम घेता यावा म्हणून. "शेलारांचं रक्तच तसलं," असं कामावरचे लोक म्हणत. रणधीरलाही तसंच वाटायचं. त्याचे वडील तालमीत वाढलेले. अंगातलं बळ त्यांच्याकडूनच आलं असणार, हे त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

तपासायची वेळ भाचीमुळे आली.

त्याची धाकटी बहीण पल्लवी कराडला कॉलेजात शिकवायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती आणि तिची सोळा वर्षांची मिहिका, दोघीच राहत. आधी मिहिकाच्या पापण्या जड झाल्या. वर्गात झोपा काढते म्हणून बाई रागावल्या. मग जिना चढताना ती कठड्याला धरून उभी राहू लागली. मग एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत कोसळली, आणि दवाखान्यात कळलं, की तिचं हृदयही मध्येच ठोका चुकवतंय.

पल्लवीचा फोन आला तेव्हा रणधीर मनोऱ्यावर होता.

"दादा, आम्हांला पेशीकेंद्रात बोलावलंय, पेशी तपासतात तिथं," ती म्हणाली. "तुलाही यायला सांगितलंय. आईलाही घेऊन ये. का ते मला विचारू नकोस, मला काही कळत नाहीये."

*

कराडच्या पेशीकेंद्रात डॉक्टर शबाना मुजावर यांनी चौघांना एका अंधाऱ्या खोलीत बसवलं: रणधीर, त्याची आई शालन, पल्लवी आणि मिहिका. पूर्वी पेशीच्या आतलं बघायचं तर पेशीला मारून, कापून, रंगवून बघावं लागायचं. ते दिवस गेले होते. आता पेशी जिवंत असतानाच पडद्यावर दिसायची, भिंतभर मोठी.

"ही मिहिकाची पेशी," डॉक्टर म्हणाल्या. "काल तिच्या मांडीतून घेतली. अजून काम करतेय."

पडद्यावर काहीतरी सतत हलत होतं. डॉक्टरांनी एकेक दाखवत नेलं. हे बाहेरचं पातळ आवरण. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते हे ठरवतं. कडेला सरकलेले हे गोल म्हणजे केंद्रकं. मांसपेशीत एकापेक्षा जास्त असतात. देहाचा सगळा आराखडा त्यांच्यात. आराखड्यातून एखाद्या ओळीची नक्कल बाहेर येते, आणि हे बारीक ठिपके, रायबोसोम, ती वाचून प्रथिनं बनवतात. केंद्रकाभोवतीची ही घड्यांची जाळी म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. बनलेला माल इथं नीट घडी घालून पुढं जातो. ही चपट्या पिशव्यांची चळत, गॉल्जी संकुल, त्याच्यावर पत्ता घालून जिकडचा तिकडं पाठवते. आणि या छोट्या पिशव्या लयकारिका. जे मोडलं, सडलं, निकामी झालं, ते या गिळतात आणि पचवतात.

"आणि या," डॉक्टर थांबल्या, "या तंतुकणिका. तुमच्या खाल्लेल्या घासातून आणि घेतलेल्या श्वासातून ताकद या काढतात. यांच्यावाचून बाकीचं सगळं जागच्या जागी बंद पडतं."

शाळेत हे सगळेच शिकलेले होते. पण मिहिकाच्या पेशीत त्या तंतुकणिका फुगलेल्या, फिकट दिसत होत्या. एखादीच उजळ. लयकारिका त्यांना गिळून गिळून तुंबल्या होत्या.

मग डॉक्टरांनी दुसरी पेशी लावली. ती रणधीरची होती, सकाळीच घेतलेली. आत नुसती गजबज. उजळ तंतुकणिका लांबच लांब पसरलेल्या, जुळत होत्या, तुटत होत्या. मध्ये कुठंतरी एखादी फिकट.

"तंतुकणिकांची एक गंमत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "केंद्रकातला आराखडा आई आणि बाप दोघांकडून येतो. पण तंतुकणिकांना त्यांचा स्वतःचा छोटा आराखडा असतो, आणि तो येतो फक्त आईकडून. बापाच्या बीजातल्या तंतुकणिका बीजांडात शिरतात खऱ्या, पण तिथं त्यांच्यावर खूण होते आणि त्या मोडून टाकल्या जातात. रणधीरराव, तुमच्या अंगातला जोर तुमच्या वडिलांचा नाही. या आजींचा आहे."

शालननं पदर सारखा केला. "माझा काय जोर," ती पुटपुटली.

"तुमचा, तुमच्या आईचा, तिच्या आईचा. पण त्यात काही बिघडलेल्याही आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. ज्वारीच्या पोत्यात थोडी काणी असावी, रोगानं काळे पडलेले दाणे, तसं. प्रत्येक बीजांड म्हणजे त्या पोत्यातली एक मूठ. रणधीररावांच्या मुठीत चांगले दाणे आले. मिहिकाच्या मुठीत काणीच जास्त आली."

"म्हणजे मीच दिलं तिला हे," पल्लवी म्हणाली.

"मूठ कुणी निवडत नाही, ताई."

पल्लवीनं मान हलवली. पण तिला ते पटलेलं नव्हतं, हे रणधीरला दिसत होतं.

*

उपचार नवा होता, पण होता. देणाऱ्याच्या रक्तात एक औषध सोडलं, की त्याच्या मांसपेशी आपल्या तंतुकणिका बाहेर देऊ लागतात. यंत्र रक्त गाळतं. निरोगी तंतुकणिकेच्या आवरणावर विजेचा भार असतो, बिघडलेलीवर तो टिकत नाही; त्या भारावरून यंत्र चांगल्या तेवढ्या वेचतं. त्या रुग्णाच्या रक्तात सोडल्या, की स्नायू आणि हृदय त्यांना आत घेतात. परक्या तंतुकणिकांचं मात्र त्या देहातल्या केंद्रकांशी जमत नाही. दाता आईच्या ओळीतलाच हवा. शालनचं वय झालं होतं. पल्लवीच्या पेशीत काणी बरीच होती. उरला मामा.

"एक धोका आहे," डॉक्टरांनी रणधीरला बाजूला घेऊन सांगितलं. "चांगल्या आम्ही काढून घेणार, फिकट तुमच्यापाशीच राहणार. पेशीला ताकद कमी पडली की ती घाईनं नव्या तंतुकणिका करते, आणि त्या घाईत बिघडलेल्याही वाढतात. एकदा दिल्यानं फारसं बिघडणार नाही. परत परत दिलंत तर एक रेषा आहे. तिच्या अलीकडं माणसाला काही जाणवत नाही. पलीकडं गेला की परतता येत नाही."

रणधीरनं फार विचार केला नाही. दिलं.

महिनाभरानं मिहिकाच्या पापण्या उघडल्या. ती जिना चढून वर आली आणि खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आईला तिनं हाक मारली. पल्लवी रस्त्यातच रडायला लागली. रणधीरला थोडा थकवा आला, इतकंच.

पण पाऊस सरता सरता मिहिकाचं हृदय परत ठोके चुकवू लागलं. आत गेलेल्या चांगल्या तंतुकणिकांना जुन्या, बिघडलेल्या भराभर वाढून बाजूला सारत होत्या. परत द्यावं लागणार होतं.

या वेळी घरी बोलणं झालं. रणधीरची बायको स्नेहल पाटणच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"देऊ नका असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?" ती म्हणाली. "माझीच पोर असती तर मी तुमच्या पाया पडले असते. पण तुम्ही मला येऊन सांगितलंत. विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर?"

"तर हो म्हणाले असते. पण मग ते आपण दोघांनी दिलं असतं."

रणधीर तिच्यासमोर येऊन बसला. तो म्हणाला, "मग आता विचारतो."

स्नेहल उठून आत गेली, आणि तिथूनच म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर कराडला."

*

दुसऱ्यांदा दिल्यावर तो पहिल्यांदा मनोऱ्यावर चढला ती सकाळ स्वच्छ होती. वारा बेताचा. पहिल्या टप्प्यापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या टप्प्याच्या खाली त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. थकल्यावर थरथरतात तशा नव्हेत. पाय आपले नाहीतच, असं वाटत होतं. त्यानं पट्ट्याचा आकडा शिडीला अडकवला आणि कसाबसा टप्प्यावर चढून बसला. खाली जोडीदार विचारत होता, "साहेब, काय दिसलं का?" रणधीरला उत्तर द्यायला श्वास पुरेना.

दोघांनी मिळून त्याला उतरवलं. त्यानंतर त्याची बदली खालच्या नियंत्रण कक्षात झाली. पडद्यावर पठारावरच्या सगळ्या चक्क्या एकदम दिसायच्या. त्यानं तक्रार केली नाही, पण घरी आल्यावर तो आता दारातल्या पायरीवरच बूट काढत बसायचा, आणि उठायला वेळ लावायचा.

मिहिका पुन्हा सावरली. आणि पुन्हा, हळूहळू, उतरू लागली.

डॉक्टर मुजावर स्पष्ट बोलल्या. "तुम्ही रेषेवर उभे आहात. तिसऱ्यांदा घेतलं तर तुमचं हृदयही तिच्यासारखंच होईल. मी घ्यायला तयार नाही. तुम्ही दुसरीकडं जाऊन हट्ट धरलात तर कुणी घेईलही. पण मिहिका आता कळत्या वयाची आहे. तिच्या संमतीशिवाय कुणालाच काही करता येणार नाही."

रणधीर आईला घेऊन पल्लवीच्या घरी गेला. पल्लवी त्याच्याकडं बघेना. तू दे म्हणायचं धाडस तिला होईना, नको म्हणायचंही नाही. ती स्वयंपाकघरात भांडी आवरत राहिली. मिहिका पलंगावर उशीला टेकून बसली होती.

"बस, मामा. तुला उभं राहवत नाही, मला दिसतंय."

तो खुर्चीवर बसला.

"मी डॉक्टरांच्या मागे लागून तुझी पेशी बघितली," ती म्हणाली. "आत्ताची. ती माझ्यासारखी दिसायला लागलीये."

"मामा-भाचीचा तोंडवळा जुळतोच."

ती हसली नाही. "मी तिसऱ्यांदा घेणार नाही."

"अगं, वेडी का तू? मामा असतो कशाला?"

"असायला," मिहिका म्हणाली. "नुसता असायला. तू नसशील तर तुझं घेऊन मी काय करू? मला दम लागला की मनात येईल, हा तुझाच दम आहे. मला नाही जगता येणार तसं, मामा. खरंच नाही."

त्यानं पुष्कळ बोलून पाहिलं. रागावला. शेवटी हात जोडले. मिहिकानं त्याचे हात धरून खाली घेतले. तिची बोटं गार होती. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

*

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती आणि रणधीर डोळे मिटून बसला होता. शेजारी शालन होती. कराड मागं पडल्यावर ती म्हणाली,

"माझ्या आईला एक बहीण व्हती."

रणधीरनं डोळे उघडले.

"आईपरास मोठी. यमुना. आमच्या आजोळात तिचं नाव कुणी काढायचं न्हाई. म्या एकदा आईला इचारलं, तर आई रडाया लागली. मग तिनंच सांगितलं."

कोयनेचं धरण बांधायला घेतलं तेव्हाची गोष्ट. नदीच्या काठावर, वरच्या अंगाला निवळशेत नावाचं गाव होतं. गावातल्या पोरी धरणावर पाट्या टाकायला जात. तिथं जतकडून आलेले वडार दगड फोडायला होते. त्यांतल्या हणमंता नावाच्या एका दगडफोड्याबरोबर यमुना निघून गेली. बापानं गावापुढं तिचं जितेपणी श्राद्ध घातलं, स्वतःचं डोकं भादरलं, जेवणावळ घातली. काही वर्षांत धरण भरलं आणि निवळशेत पाण्याखाली गेलं. माणसं चार दिशांना विखुरली.

"लोकं म्हणायची, पोरीच्या पापानं गाव बुडालं," शालन म्हणाली. "आता तूच सांग, धरणानं गाव बुडतंय का पापानं? पण म्हणायची. वंशावळ लिवणाऱ्या हेळव्याच्या चोपडीत आपल्या बापजाद्यांची नावं हायती, सात-सात पिढ्यांची. बायांची कुठं असत्यात? यमुनीचं तर तोंडातलं बी नाव पुसलं."

"तिला मुलगी झाली असेल?"

"ठावं न्हाई."

"आणि इतक्या वर्षांनी जाऊन त्यांच्याकडं मागायचं? काय म्हणून?"

शालननं खिडकीबाहेर बघितलं. "मागायचं तोंड न्हाई म्हणून जाऊ नगंस असं कसं चालंल? म्या येती संगं."

*

शोधणं अवघड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. जतच्या वडार वस्तीत पहिल्याच टपरीवर विचारलं, "धरणावरून आलेली मराठ्याची बाई, यमुना, तिचं कुणी आहे का?" तर म्हातारा दुकानदार म्हणाला, "येमव्वा? धरणवाली येमव्वा? तिची लेक दुर्गव्वा हाय की. बंदपट्ट्यांचा दगडाचा कारखाना विचारा." ज्या घरात ती जन्मली तिथं तिचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि इथं मरून इतकी वर्षं झाली तरी ती सगळ्यांना माहीत होती.

कारखान्यात दगड कापायची यंत्रं चालू होती. मालकीण रेणुका बंदपट्टे पंचेचाळिशीची, भरदार अंगाची. दगडाच्या धुळीत उभी राहून ती कामगारांना काही सांगत होती. तिनं दोघांना ऑफिसात बसवलं. आतल्या दारापाशी बाजेवर तिची आई दुर्गव्वा बसली होती.

शालन सरळ तिच्याकडं गेली आणि वाकून तिच्या पाया पडली. "अक्का, म्या तुमच्या मावशीची लेक. अनुसयाची."

दुर्गव्वानं तिच्याकडं नुसतं बघितलं. कुठलं नाव ते आठवायला तिला वेळ लागला. मग तिचा हात शालनच्या डोक्यावर गेला, आणि तिथंच थांबला.

रेणुकाला मात्र हात ठेवायचा नव्हता. रणधीरचं सगळं सांगून होईपर्यंत तिनं त्याला मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली, "माझ्या आजीला तुम्ही लोकांनी मेली म्हणून सांगितलंत. ती मरेपर्यंत कुणी फिरकलं नाही. माझी आई आजोळाला पारखी झाली. आणि आता आलात ते तिच्या अंगातलं मागायला?"

"होय," रणधीर म्हणाला. "त्यासाठीच आलोय. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर परत जाईन. तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या घरात कुणाला म्हणू देणार नाही."

रेणुका उठून खिडकीशी गेली. रणधीरची नजर भिंतीवर गेली. हार घातलेला एका तरुण पोराचा फोटो होता तिथं. चांगल्या कपड्यांतला, फोटो काढायला मुद्दाम सरळ बसलेला. पण पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ते डोळे रणधीरच्या ओळखीचे होते.

"हे कोण?"

"माझा भाऊ. मारुती."

"यांना जिना चढताना दम लागायचा का? पाय मध्येच जायचे? आणि शेवटी हृदयानं..."

रेणुका वळली. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझी भाची अशीच दिसते."

दुर्गव्वा बाजेवरून पुढं झाली. "काय म्हंतो त्यो?"

रणधीर तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं तिला सांगितलं. देहातल्या बारीक पेशी, पेशीतले ताकद देणारे कण, ते फक्त आईकडून येतात. त्यांत काही बिघडलेले असतात, आणि पोटात मूल राहताना ते कुणाच्या वाट्याला किती यावेत हे कुणाच्या हातात नसतं. मोडकंतोडकं सांगितलं. डॉक्टरांसारखं त्याला येत नव्हतं. पण दुर्गव्वा त्याच्या ओठांकडं बघत होती.

"मंजी त्यो शाप न्हवता?" तिनं विचारलं.

"कसला शाप?"

"माझ्या आयला तिच्या बानं दिल्ता त्यो. तुझं रगात टिकायचं न्हाई म्हनला हुता. मारुती गेला तवा आय माझ्या गळ्यात पडून म्हनली, माझ्यामुळं गेला तुझा ल्योक. मरस्तवर तेच म्हनत हुती. म्या बी तेच धरून बसले."

"शाप नव्हता, मावशी. आमच्याकडंही तेच आहे. तुमच्या आईच्या आईपासून आलंय. शाप देणाऱ्याच्या घरातही तेच होतं."

दुर्गव्वा रडली नाही. ती फोटोकडं वळली आणि मुलाशी बोलावं तसं तोंडातल्या तोंडात काही बोलली. ते मराठी नव्हतं. रणधीरला कळलं नाही. रेणुकानं डोळ्यांना पदर लावला.

निरोप देताना ती फाटकापर्यंत आली. "माझी पोरगी पुण्यात शिकते," ती म्हणाली. "मी तपासायला आले तर माझ्यातलं कळेल. मग तिच्यातलंही विचारावं लागेल. काय निघेल?"

"ते मला सांगता येत नाही, ताई."

"मग मला विचार करू द्या."

त्यानं फोन केला नाही. शालनलाही करू दिला नाही. आठवडा उलटला, दुसरा लागला. कराडला मिहिकाला प्राणवायू लावला. एका दुपारी, तो पडद्यासमोर बसलेला असताना, रेणुकाचाच फोन आला.

"मी पोरीशी बोलले," ती म्हणाली. "ती म्हणाली, माहीत नसण्यापेक्षा माहीत असलेलं बरं. कधी यायचं?"

*

यमुनाच्या नातीच्या पेशीत काणी जवळजवळ नव्हतीच. डॉक्टर मुजावरांनी पडदा दोनदा बघितला. पुण्यातल्या लेकीच्या पेशीत थोडी निघाली, रेषेच्या खूप अलीकडं. रेणुकानं वर्षातून एकदा दिलं तर तिला काहीच होणार नव्हतं, आणि मिहिकाला तेवढं पुरणार होतं. जमलं तर त्यातलं थोडं पुढंमागं रणधीरलाही.

"मग शिडी चढता येईल?" त्यानं विचारलं.

"चालता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "शिडी नाही."

त्यानं मान हलवली. स्नेहलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मिहिका घरी आली तेव्हा थंडी सरली होती. आधी ती खोलीत चालू लागली, मग गल्लीत, मग कॉलेजपर्यंत. पल्लवी तिच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालायची, तिला कळू न देता. रेणुका महिन्यातून एकदा फोन करायची. सुरुवातीला तब्येतीपुरतंच बोलणं, मग कारखान्याचं, पोरीचं, कशाचंही. शालन आणि दुर्गव्वा बोलायला लागल्या की फोन गरम व्हायचा.

मे महिन्यात दुर्गव्वानं एकच गोष्ट मागितली.

"माझ्या आयचं गाव दावा मला."

"अक्का, ते पाण्यात हाय की," शालन म्हणाली.

"असू दे. पाणी तर दावा."

पण त्या वर्षी धरण खूप उतरलं होतं. जलाशयाच्या कडेला मैलभर तडकलेला गाळ उघडा पडला होता, आणि त्याच्या पार खाली, जिथं कधीकाळी निवळशेत होतं, तिथं घरांची जोती वर आली होती. सगळे दोन गाड्या करून गेले. रस्ता संपला तिथून पुढं उतार होता. रणधीरनं तो एकदा डोळ्यांनी मोजला आणि म्हणाला, "तुम्ही जा. मी इथं बसतो."

स्नेहल त्याच्याजवळ दगडावर बसली.

बायका खाली निघाल्या. पुढं दुर्गव्वा, रेणुकाचा हात धरून, अनवाणी. तिच्यामागं शालन, हातात पिशवी. मग पल्लवी. पुण्याहून आलेली रेणुकाची लेक आणि मिहिका शेवटी, बोलत बोलत, मध्येच थांबून गाळातल्या भेगांत डोकावत. वरून त्या एका ओळीत दिसत होत्या. उन्हात ती ओळ लहान लहान होत गेली.

एका जोत्यापाशी त्या थांबल्या. कुठलं घर कुणाचं, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. दुर्गव्वानं वाकून घडीव दगडांवरून हात फिरवला, एकावरून, दुसऱ्यावरून, दगडाच्या कामात जन्म घालवलेल्या माणसानं फिरवावा तसा. मग ती त्यावर बसली. शालननं पिशवीतून खण आणि नारळ काढला. दोघी विधवा. विधवेची ओटी भरत नाहीत. शालननं भरली. तांदूळ पदरात पडताना दिसले नाहीत, पण दुर्गव्वानं पदर पसरलेला दिसला.

रणधीरला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वारा उलटा होता. त्याच्या अंगातलं जे काही होतं, ते आईकडून त्याच्यापर्यंत येऊन इथंच थांबणार होतं. त्याच्या मुलात त्यातलं काही नव्हतं; मुलाला जे आलं ते स्नेहलकडून. ते पुढं जात होतं ते खाली, त्या ओळीतून. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. छाती मात्र भरून आली. स्नेहलनं विचारलं, "दम लागला का?"

"नाही," तो म्हणाला.

मिहिका जोत्यावर चढली, वर बघून तिनं दोन्ही हात हलवले आणि हाक मारली. आवाज बराच उशिरानं वर आला. रणधीरनं हात वर केला, आणि जमला तितका वेळ वरच ठेवला.